वाफेवर नजर

"का निवडलास माझा हायकू?"

"चांगला वाटला म्हणून."

"खोटं."

"बरं, खोटं. पण गमबूट बाहेर काढा आधी, गेन्सान. फरशी आत्ताच पुसलीय मी. सगळा बर्फ आत आणलात."

"बर्फ गेला खड्ड्यात! मी विचारतोय त्याचं उत्तर दे."

हमामखान्याचा निळा पडदा अजून दारावर चढला नव्हता. पाणी तापायला अवकाश होता. मागच्या बाजूला किनुएचा नवरा योहेइ भट्टीसाठी लाकडं फोडत होता. समुद्रानं वाहून आणलेली, मीठ मुरलेली लाकडं. त्याच्या प्रत्येक घावासरशी मधली भिंत हलकेच हादरायची. किनुए आपल्या उंच बैठकीवर बसली होती, एका हाताला पुरुषांचं दार, दुसऱ्या हाताला बायकांचं. गावातला प्रत्येक माणूस त्या बैठकीखालून मान वर करून "येतो हं" म्हणत आत जायचा. आज गेन्साकु किकुची खाली उभा होता, आणि तरी किनुएलाच आपण मान वर करून बोलतोय असं वाटत होतं.

"काल सगळ्यांसमोर वाचलास तू तो. 'माझी पहिली निवड' म्हणालीस. आणि तूच म्हणालीस म्हटल्यावर बाकीच्यांनीही माना डोलावल्या. शिनपेइनं तर नाक शिंकरलं. पोस्टमन! माझ्या हायकूवर नाक शिंकरतो!"

"त्याला सर्दी झालीय."

"किनुए."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"माझा आहे हे ओळखलं होतंस?"

मागे लाकूड फुटलं. भिंत हादरली.

"...हो."

"आणि माझा नसता, तर?"

किनुएनं खाली फरशीवर पाहिलं. बर्फाचं पाणी होऊन ते बायकांच्या दाराकडे निघालं होतं. कालचा तो हायकू तिला तोंडपाठ होता, कुणालाही झाला असता.

तिचा पेला
अजून मांडतो मी —
एकटा हिवाळा

"तर नसता घेतला," ती म्हणाली.

"का?"

"तो 'एकटा' शब्द तिथं बाही डोळ्यांना लावून बसलाय. सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून."

गेन्साकुनं एवढा मोठा श्वास सोडला की त्याच्या तोंडापुढे वाफ झाली. "हां. हे काल बोलायचं होतंस."

"काल? तुमच्या मासुयोला जाऊन तीन महिने झाले नाहीत अजून, आणि मी चारचौघांत—"

"हो, चारचौघांतच! ती गेल्यापासून अख्खं गाव मला पेज भरवतंय. सून आवाज चढवत नाही. गिऱ्हाईक बादली गळली तरी 'असू दे, असू दे' म्हणतं. अगं, बादली गळते की नाही ते पाणी सांगतं. बांधणाऱ्याचं तोंड बघून पाणी थांबत नाही." गेन्साकु लाकडी बादल्या, घंगाळं आणि बायका शिंपले वेचायला नेतात त्या गोल होड्या बांधायचा, त्याच्या बोलण्यात पाणी आलं नाही असं कधी व्हायचं नाही. "एवढ्या गावात माझ्या हायकूंना पाणी लावून बघणारी एक तू होतीस. आता तेही गेलं."

भिंतीमागून योहेइचा आवाज आला. "अगं, कोण ओरडतंय?"

"कुणी नाही! गेन्सान आलेत!"

"मग कुणी नाही कसं? पाणी थंड आहे म्हणावं अजून!"

"सांगते!"

पण सांगायला समोर कोणी उरलं नव्हतं. "हायकूच्या पुढच्या बैठकीला मी येणार नाही," एवढं दारातून म्हणून गेन्साकु गेला होता. "त्याच्या पुढच्याही."

किनुए खाली उतरली आणि तिनं फरशी पुन्हा पुसली.

होम्मांच्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या नाहीत, ही बैठक दिली. सादो बेटाच्या दक्षिण टोकाला तोरीउरा हे एवढंसं गाव, आणि गावाला हा एकच हमामखाना. विशीतली पोर, वरून दोन्हीकडची उघडी माणसं दिसणार. पहिल्या दिवशी तिनं मान अशी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली.

"मान मोडेल," सासू म्हणाली. "वर बघ."

"वर बघितलं की दिसतं हो सगळं!"

"दिसू दे. बघायचं नाही. नजर वाफेवर ठेवायची. कुणी घसरून पडलं तर वाफेतूनही कळतं. कुणाच्या पाठीवर काय आहे ते नाही कळलं तरी चालतं."

किनुए ते शिकली, पण उरलेलं सगळं ती कानांनी जमा करू लागली. पावलांवरून माणूस ओळखायची, खोकल्यावरून तब्येत. कुणाच्या घरात आज भांडण झालंय, हे खडावा काढून ठेवायच्या आवाजावरून तिला कळायचं. योहेइ म्हणायचा, "गावात पोलीस चौकी कशाला पाहिजे? आमची ही आहे की."

हायकू तिच्या घरात शिरला तो जिन्यावरून. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीही भट्टीची ऊब वरच्या खोलीत टिकून राहायची, म्हणून गावातल्या हायकूवाल्यांनी हिवाळ्यातल्या दुपारी तिथं बसायची परवानगी मागितली. किनुए चहा घेऊन वर जायची. त्यांच्या गुरू होत्या ताकानो सेन्सेई, सोया सॉस बनवणाऱ्या घरातली म्हातारी, वाळक्या बांबूसारखी अंगानं आणि आवाजानंही. एक दिवस किनुए तबक उचलून निघाली, तर त्या म्हणाल्या, "बस."

"मला नाही हो लिहिता येत."

"लिही कोण म्हणतंय? लिहिणारे इथं पुष्कळ आहेत. वाच." आणि एक चिठ्ठी पुढे केली.

पहिलं हिम —
रिकामी होडी ओढते
आपला दोर

किनुएनं वाचला. उलटसुलट करून चिठ्ठीची मागची बाजूही पाहिली. "मग पुढे?"

"पुढे काय?"

"होडी सुटली का?"

सगळे हसले. सगळ्यात जोरात शिनपेइ पोस्टमन हसला, कारण पहिल्या दिवशी त्यानंही हेच विचारलं होतं. सेन्सेई मात्र हसल्या नाहीत.

"पुढे काही नाही. इथून पुढे तू. ही चिठ्ठी कमरपट्ट्यात ठेव आणि आठवडाभर हिंडव. अर्थ शोधायचा नाही, नवऱ्याला विचारायचं नाही. पुढच्या खेपेला ये आणि मला एवढंच सांग, तिथं वारा होता की नव्हता."

किनुएला वाटलं, म्हातारीला वेळ जात नाही. पण चिठ्ठी कमरेला राहिली. बैठकीवर बसल्या बसल्या मधेच ती टोचायची. पहिले काही दिवस होडी म्हणजे नुसती होडी होती. मग एका संध्याकाळी बायकांच्या बाजूला कुणीच नव्हतं, नळाखाली ठेवलेली बादली भरून वाहत होती आणि वाहत्या पाण्यात जागच्या जागी किंचित फिरत होती, आणि किनुएच्या अंगावर काटा आला. ती उठून नळ बंद करायची विसरली. योहेइला मागून ओरडावं लागलं.

"वारा नव्हता," पुढच्या बैठकीत ती म्हणाली. "वारा असता तर होडी ओढतेय हे कुणी लिहिलं नसतं, सगळंच ओढलं जात असतं. वारा नाही. बर्फ सरळ पडतोय. फक्त खाली पाणी हलतंय, आणि ते कुणालाच दिसत नाहीये."

सेन्सेईंनी तिला पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला.

त्यानंतर किती हिवाळे गेले. किनुएनं एकही ओळ लिहिली नाही, पण तिच्याशिवाय बैठक सुरू होईना. त्यांची रीत ठरलेली. प्रत्येकानं आपापले हायकू चिठ्ठ्यांवर लिहायचे, नाव न घालता. चिठ्ठ्या मिसळायच्या, वाटायच्या, आणि ज्याच्या वाट्याला ज्या येतील त्यानं त्या आपल्या हातानं कागदावर उतरवायच्या, म्हणजे अक्षरावरूनही कुणी ओळखायला नको. कागद हातोहात फिरणार. प्रत्येकानं आपल्याला भावलेले दोन-चार निवडायचे, त्यातला एक पहिली निवड म्हणून. मग वाचन. आणि आपला हायकू वाचला गेला, की लिहिणाऱ्यानं तिथल्या तिथं आपलं नाव सांगायचं. नुसतं नाव. आभार नाही, खुलासा नाही, 'त्याचं असं झालं' नाही. शिनपेइचं नाव फारसं यायचं नाही, पण आलं की तो रेल्वेगाडी सुटल्यासारखा ओरडायचा, "शिनपेइ!"

किनुएच्या पहिल्या निवडीला मान होता. तिला स्वतःचं काही खपवायचं नव्हतं, कुणाच्या पंगतीला बसायचं नव्हतं. ती हायकू वाचून दाखवायची आणि मग चहाच्या किटलीकडे बघत दोन वाक्यं बोलायची. ती ऐकताना लिहिणाऱ्यालाच वाटायचं, अरे, हे मी लिहिलं होय? गेन्साकु तर तिची पहिली निवड मिळाली की त्या दिवशी हमामात गायचा. बेसूर. पलीकडून त्याची बायको मासुयो ओरडायची, "कळलं हो अख्ख्या गावाला!"

गेन्साकु आणि मासुयोचं रोजचं एक होतं. पुरुषांच्या आणि बायकांच्या न्हाणीमधली भिंत वर छतापर्यंत जात नाही. आवाज इकडून तिकडे होतात. आंघोळ झाली की गेन्साकु भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "निघालो गं." पलीकडून मासुयो आपली बादली फरशीवर एकदा आपटायची. टक्. म्हणजे ऐकलं, मीही निघते. मग दोघं बाहेर एका वेळी भेटायची आणि पुढे-मागे चालत घरी जायची. गावातली बरीच जोडपी असंच करायची, कुणी खाकरून, कुणी शीळ घालून. बैठकीवरच्या किनुएला ते सगळे आवाज घड्याळासारखे पाठ होते.

आणि तिची खोड तिथंच होती. नाव नसलेल्या कागदावरही तिला माणूस दिसायचा. हा दम्याचा श्वास मिठाईवालीचा, ओत्सुताचा. ही घाई पोस्टमनची. सुरुवातीला तिला त्याचा अभिमान वाटायचा.

"तू माणूस वाचतेस," सेन्सेई एकदा म्हणाल्या. "हायकू बिचारा बाहेर उभा असतो."

किनुए हसली होती. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मासुयो जावी लागली.

मासुयो शरदाच्या शेवटी गेली. पोटात दुखतंय म्हणाली, पलीकडच्या मोठ्या गावातल्या दवाखान्यात नेली, आणि परत आलं ते नुसतं शरीर. त्यानंतरही गेन्साकु रोज हमामात येत राहिला. आंघोळ करायचा, बाहेर यायचा. भिंतीपाशी काही बोलायचा नाही. नेहमी ज्या वेळी ती टक् यायची, त्या वेळी किनुएच्या हातातलं काम थांबायचं. आणि मग हिवाळ्यातल्या त्या बैठकीत फिरणाऱ्या कागदावर तिला 'तिचा पेला' दिसला. तिनं हायकू वाचलाच नाही. तिनं गेन्साकु वाचला, आणि पहिली निवड म्हणून त्याच्या पुढ्यात पेजेची वाटी ठेवली.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी ती सेन्सेईंकडे गेली. म्हातारी शेगडीवर हात धरून बसली होती, पुढ्यात संत्री.

"माफी मागू का त्यांची?"

"कशाबद्दल?"

"दया दाखवली म्हणून."

"म्हणजे आता दयेची आणखी एक वाटी घेऊन जाणार." सेन्सेईंनी संत्र्याला नख लावलं. "माफी नको. वाच."

"तेच जमत नाहीये. काल रात्रीपासून जुने कागद काढून बसलेय. प्रत्येक ओळीमागे कोणीतरी उभं आहे. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचा मुलगा पत्र पाठवत नाही. सगळं दिसतं हो मला. न दिसेल असं कसं करू?"

"हमामात नाही दिसत?"

"तिथंही दिसतं. पण तिथं मी बघत ना—"

ती थांबली. सेन्सेई संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे एकेक करून काढत राहिल्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं अर्धं संत्रं किनुएपुढे सरकवलं.

पुढच्या बैठकींना किनुएनं पहिली निवड दिलीच नाही. "अजून वाचता येत नाहीये," एवढंच म्हणायची. शिनपेइ म्हणाला, "अहो, मग आमचं काय? तुमच्यासाठी लिहितो आम्ही. सेन्सेईंसाठी लिहून मार खायचा, तुमच्यासाठी लिहून चहा." कुणी हसलं नाही. जिन्याजवळची गेन्साकुची जागा रिकामी असायची. कुणीतरी रीत म्हणून तिथं उशी मांडून ठेवायचं.

किनुए बैठकीवर बसून शिकत होती. पुन्हा एकच चिठ्ठी कमरेला. ओळीतला माणूस पुढे आला की ती नजर वाफेवर न्यायची. हाकलायची नाही त्याला. हाकललं की माणूस जास्तच दिसतो. फक्त वाफेकडे बघत राहायचं. मग हळूहळू ओळीतली नुसती वस्तू उरायची. भिजलेली दोरी. दारातला मुळा. कुणाचं काहीच नसलेलं ऊन. कधी जमायचं, कधी नाही.

बर्फ वितळायला लागला तेव्हा गेन्साकुनं हमामाच्या जुन्या बादल्या दुरुस्त करून पाठवल्या. योहेइ कुरकुरत होता. मोठ्या गावातल्या हमामात पिवळ्या प्लॅस्टिकच्या आल्या होत्या, हलक्या, फुटत नाहीत. त्या संध्याकाळी गेन्साकु आंघोळीला आला तेव्हा बाहेरच्या खोलीत निम्मं गाव होतं. किनुएनं बैठकीवरूनच एक बादली पुढे धरली.

"गेन्सान, ही गळतेय."

खोलीतलं बोलणं बंद पडलं. कोणीतरी म्हणालं, "असू दे की, किनुएसान, आपण—"

"असू दे कसं? गळतेय."

गेन्साकुनं बादली घेतली. उजेडाकडे धरून आत डोळा लावला. "कुठून?"

"तळातून. खालच्या कड्याजवळ."

"हं," तो म्हणाला. बादली काखेत मारून तसाच, आंघोळ न करता, घरी गेला. दुसऱ्या दिवशी ती परत आली. पाणी भरून किनुएनं ती संध्याकाळभर आपल्याजवळ ठेवली. एक थेंब नाही.

आणि त्या आठवड्यात बैठकीच्या वेळी जिन्यावर त्याची पावलं वाजली.

तो जिन्याजवळच्या उशीवर बसला, सेन्सेईंना वाकून नमस्कार केला, खिशातून चिठ्ठ्या काढून ढिगात टाकल्या. खिडकी पहिल्यांदाच उघडी होती. खाली बंदरात कुणीतरी होडीला डांबर लावत होतं, त्याचा वास वर येत होता. किनुएनं सगळ्यांपुढे चहा ठेवला, त्याच्याही पुढे. आज कागदावर त्याची ओळ दिसली आणि किनुए पुन्हा दयेकडे घसरली, तर तो परत कधीच जिना चढणार नव्हता. आणि ती त्याची ओळ म्हणून मुद्दाम टाळली, तर तेही वाचणं नव्हतं.

कागद फिरू लागले. दुसऱ्याच कागदावर ती अडली.

कडं निखळलं,
बादलीच्या झाल्या फळ्या —
तू नसताना

बादल्या बांधणारा माणूस. 'तू नसताना'. नाव लिहायचं तेवढं राहिलं होतं. शेजारी ओत्सुतानं तो कागद वाचला, डोळे टिपले आणि लगेच आपल्या यादीत उतरवून घेतला. किनुएनं किटलीच्या वाफेकडे पाहिलं. थांबली. पुन्हा ओळ पाहिली. ओळ गळत होती. बादलीच्या फळ्या झाल्या हे खरं वाटत होतं, आणि मग त्या शेवटच्या शब्दांनी येऊन सांगितलं की आता रडा. तिनं कागद पुढे दिला. हाताला तो जड लागला, पण दिला.

मग शेवटून दुसरा कागद. त्यावर मधेच कुठेतरी, मिठाईवाल्या ओत्सुताच्या गोल गोल अक्षरात उतरवलेला:

भिंतीपल्याड
कुणाची तरी बादली —
वसंतसांज

किनुए वाचत होती की ऐकत होती, तिला कळलं नाही. किटलीची वाफ सरळ वर जात होती. तिच्यामागे कोणीही उभं नव्हतं. हा कुणाचा, हा प्रश्न तिला सुचलाच नाही. नंतर आठवताना तिला त्याचंच सगळ्यात नवल वाटलं. तिनं पेन उचललं आणि त्याच्या तिन्ही ओळी सावकाश, एकेक अक्षर जपून, आपल्या कागदावर सगळ्यात वर लिहिल्या.

वाचन सुरू झालं. ओत्सुताची पाळी आली. तिनं जिन्याकडे न बघता आपली पहिली निवड वाचली, "कडं निखळलं, बादलीच्या झाल्या फळ्या, तू नसताना..."

"शिनपेइ!"

सगळ्या माना फिरल्या. पोस्टमन लालबुंद होऊन बसला होता.

"तू?" ओत्सुता ओरडली. "तुझी बायको तर धडधाकट आहे!"

"माहेरी गेली होती ना. निईगाताला. आठवडाभर." नाव सांगितल्यावर काही बोलायचं नाही हे तो विसरून गेला होता. "बादलीत पाणी घालून ठेवायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. वाळली आणि उलगडली. आल्यावर जे काय ऐकवलंय तिनं—"

"आणि हायकूला ऋतू लागतो, तो कुठे आहे रे यात?" सेन्सेईंनी विचारलं.

"ऋतू..." शिनपेइनं डोकं खाजवलं. "ऋतू राहिला."

खोली हसली. जिन्याजवळून, शरदापासून कुणी न ऐकलेला, एक जाडाभरडा हसण्याचा आवाज आला. "आण ती माझ्याकडे," गेन्साकु म्हणाला. "बांधून देतो. आणि हायकू आपला आपण बांध."

किनुए हसली नाही. जन्मात पहिल्यांदा माणूस ओळखण्यात ती चुकली होती. तिला वाटलं, आपण जिन्याच्या शेवटच्या पायरीसाठी पाय टाकला आणि तिथं पायरी नव्हती, नुसती सपाट जमीन होती.

"किनुए," सेन्सेई म्हणाल्या. "पहिली निवड आहे का आज?"

"आहे."

शिनपेइनं सुटकेचा निःश्वास सोडला. किनुएनं कागद दोन्ही हातांनी धरला.

"भिंतीपल्याड," ती म्हणाली. "कुणाची तरी बादली. वसंतसांज."

रीतीप्रमाणे पुन्हा एकदा वाचला. आता नाव यायला हवं होतं. शेवटची ओळ संपता संपता नाव येतं. लोक ते जिभेवर धरूनच बसलेले असतात. पण खोलीत काही आलं नाही. बंदरावर डांबराचा ब्रश लाकडावर फिरत होता, तेवढंच.

"कुणाचा?" सेन्सेईंनी विचारलं.

शिनपेइनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बोला की," शिनपेइ पुटपुटला. "किनुएसानची पहिली निवड आहे. मी असतो तर गच्चीवर चढलो असतो."

सेन्सेईंनी त्याला हातानं गप्प केलं. "किनुए, का घेतलास?"

किनुएनं किटलीकडे पाहिलं.

"भिंत आहे, म्हणजे दिसत नाहीये. नुसतं ऐकू येतंय. पण 'ऐकू येतंय' असं कुठंच लिहिलेलं नाही, आवाज हा शब्दच यात नाही. भिंतीनं डोळे काढून घेतले आणि कान ठेवले. तीसेक वर्षं मी तो आवाज ऐकतेय, आणि मला तो आज पहिल्यांदा ऐकू आला." ती थांबली. "आणि मग 'कुणाची तरी'. अमकीची नाही. लिहिणाऱ्याला मला वाटतं एकीचीच हवी होती. ती नव्हती. तरी त्यानं या दुसऱ्या बादलीला तोंड फिरवलं नाही. कुणीतरी पलीकडे अंगावर पाणी घेतंय. बाहेर उजेड अजून आहे. तो ऐकत थांबलाय, एवढंच. रडायला जागा होती, ती त्यानं रिकामी ठेव—"

वाक्य तिच्या तोंडात अर्धं राहिलं. टक् हा आवाज ज्या वेळी यायचा, त्या वेळी तिचं काम कसं थांबायचं, ते तिला आठवलं होतं. मान जिन्याकडे वळायला निघाली. तिनं ती वळू दिली नाही. नजर वाफेवर ठेवली.

"गळतोय का कुठे?" सेन्सेईंनी विचारलं.

"नाही," किनुए म्हणाली. "कुठंच नाही."

"मग पुन्हा विचारते." म्हातारीचा आवाज नेहमीसारखा वाळका नव्हता. "कुणाचा हा हायकू?"

जिन्याजवळ उशी सरकली. गेन्साकु उठला. त्यानं उशी उचलली, तिच्यावरची नसलेली धूळ झटकली, भिंतीशी बाकीच्या उशांवर नीट रचून ठेवली. चहाचा पेला त्यानं संपवला होता. तो तबकात उपडा घातला. सेन्सेईंना वाकला. मग किनुएच्या दिशेनं वाकला, नेहमीपेक्षा जरा खाली, आणि वाकलेला जरा जास्त वेळ राहिला.

"गेन्सान?" शिनपेइ म्हणाला.

गेन्साकु जिना उतरू लागला. एकेक पायरी. खाली खडावा पायात गेल्या. डाव्या पायाची आधी, मग उजव्याची. सगळ्यांच्या नजरा किनुएकडे लागल्या होत्या, कारण गावातली प्रत्येक खडाव ती ओळखते हे सगळ्यांना ठाऊक होतं. किनुए किटलीकडे बघत राहिली. नाव आलं असतं, तर हायकू पुन्हा बाहेर उभा राहिला असता. खालचं दार सरकलं, आणि बाहेरच्या उजेडात खडावांचा आवाज बंदराच्या दिशेनं निघून गेला.